समुद्रावरचें एकाकी उड्डाण

बेरिल मार्कहॅमबाईंचें ‘वेस्ट विथ द नाइट’ हें आत्मकथन १९४२ सालीं प्रसिद्ध झालें. १९३६ च्या सप्टेंबरांत बाईंनीं एकाच एंजिनाच्या विमानांतून इंग्लंडहून पश्चिमेकडे एकटीनें अटलांटिक ओलांडला. शेवटच्या टाकीच्या वायुमार्गांत बर्फ अडकून एंजिन बंद पडलें, व विमान नोव्हा स्कोशियाच्या दलदलींत नाक खुपसून थांबलें.

या साहसाला ग्रंथांत जेमतेम एक प्रकरण मिळालें, म्हणून कांहीं वाचक हिरमुसतील. आमच्या मतें ग्रंथाचें मर्म येथेंच आहे. आफ्रिकेंतील बालपण, घोडे शिकविण्याचे व विमान चालविण्याचे कष्ट आधीं वाचले, म्हणूनच त्या रात्रींचें धैर्य खरें वाटतें. उपमांची हौस मात्र कोठें कोठें वर्णनावर कुरघोडी करते.

२०१९ च्या मे महिन्यांत मुंबईच्या आरोही पंडित याहूनहि हलक्या विमानांतून स्कॉटलंडहून आइसलंड व ग्रीनलंडमार्गें एकट्याच कॅनडास पोंचल्या. असलें उड्डाण नुसतीं अंतरें व विक्रम सांगून वाचकांस कळत नाहीं. त्यामागचीं शिकण्याचीं वर्षें सांगावीं लागतात. आमच्या चरित्रकारांनीं मार्कहॅमबाईंपासून घेण्याजोगें आहे तें हेंच.

धायरी, पुणें