‘मला माहीत नव्हतं’: एका उत्तराची चिकित्सा

मागच्या व्याख्यानात आपण दोष आणि उत्तरदायित्व या दोन शब्दांमधला फरक पाहिला. आज तो एका प्रत्यक्ष प्रकरणावर घासून बघायचा आहे.

प्रकरण अमेरिकेतलं. दारू, तंबाखू, बंदुका आणि स्फोटकं यांवर देखरेख करणारं एटीएफ नावाचं केंद्रीय खातं तिथे आहे. त्याच्या ॲरिझोनातल्या फिनिक्स कार्यालयानं 2009 मध्ये ‘फास्ट अँड फ्युरियस’ ही मोहीम सुरू केली. (नाव सिनेमावरून उचललेलं. बारसं करताना सरकारी माणसांनाही हुरूप येतो.) मेक्सिकोतल्या टोळ्यांसाठी काही माणसं स्वतःच्या नावावर दुकानातून बंदुका घेतात आणि पुढे पोचवतात. या किरकोळ माणसांना लगेच न धरता जाऊ द्यावं, म्हणजे मागचे मोठे मासे गळाला लागतील, असा हिशेब होता. दुकानदार खरेदीची खबर देत होते, तरी विक्री चालू राहिली. सुमारे 2,000 बंदुका गेल्या. त्यांतल्या खात्याच्या माणसांनी जप्त केल्या शंभरेक.

आता ‘माग काढणं’ हा शब्द जरा तपासू या. बहुतेक बंदुकांच्या पाठीवर कुणी नव्हतंच. तिचा नंबर तेवढा यादीत नोंदवलेला असायचा, आणि ती पुन्हा कुठे सापडली की कळायचं. बंदूक सापडते कुठे? बऱ्याचदा गुन्ह्याच्या जागी. म्हणजे या योजनेला माहिती मिळायची, तर आधी कुठेतरी गुन्हा घडायला हवा होता! कांट वाचलेल्यांना वेगळं सांगायला नको. इथे माणूस नुसता साधन झाला नाही, तर त्याचं मरण हीच नोंद झाली. ही अंमलबजावणीतली चूक नव्हे, ही कल्पनेतलीच चूक आहे, आणि मला ती सगळ्यात गंभीर वाटते.

डिसेंबर 2010 मध्ये सरहद्दीवरचा जवान ब्रायन टेरी मारला गेला. तिथे एके पद्धतीच्या दोन रायफली सापडल्या, दोन्ही या मोहिमेतल्या. मग खात्यातल्याच जॉन डॉडसन यांनी तोंड उघडलं, सिनेटर ग्रासली यांनी प्रश्न विचारले. न्याय खात्यानं 4 फेब्रुवारी 2011 ला लेखी कळवलं की, असं काही केलेलं नाही. आणि डिसेंबरमध्ये तेच पत्र मागे घेतलं. चुकीचं उत्तर दुरुस्त व्हायला दहा महिने लागले!

खात्याचे तेव्हाचे प्रमुख एरिक होल्डर यांचं म्हणणं साधारण असं, की हे तंत्र मला माहीत नव्हतं. महानिरीक्षकांच्या 2012 च्या अहवालालाही, त्यांना 2011 पूर्वी ते माहीत होतं असा पुरावा मिळाला नाही. ठीक, मान्य. दोष सिद्ध होत नाही. पण ‘माहीत नव्हतं’ इथे विषय संपतो का? तुमच्यापर्यंत माहिती पोचू नये अशी रचना कुणाच्या कारभारात टिकली, हा पुढचा प्रश्न आहे, आणि त्याला अज्ञान हे उत्तर होऊच शकत नाही. त्या अहवालात 14 जणांवर ठपका आहे. राजकीय तत्त्वज्ञ डेनिस थॉम्सन याला ‘अनेक हातांचा प्रश्न’ म्हणतात: हात इतके, की कृत्य कुणाचंच राहत नाही.

विरोधकांनी तरी हा प्रश्न धरून ठेवला का? नाही. 28 जून 2012 ला प्रतिनिधीगृहानं होल्डर यांना अवमानाबद्दल दोषी ठरवलं, 255 विरुद्ध 67 मतांनी. बरेच डेमोक्रॅट सभात्याग करून गेले. पण भांडण कशावरून? मुख्यतः त्या फेब्रुवारीच्या पत्रानंतरच्या कागदांवरून. ओबामांनी त्यावर विशेषाधिकार सांगितला. बंदुका मागे पडल्या, कागद पुढे आले. शिवाय बुश यांच्या काळात, 2006-07 मध्ये, टूसॉनला ‘वाइड रिसिव्हर’ नावानं असाच उद्योग झाला होता. तो आठवायचा की विसरायचा, हे बोलणाऱ्याच्या पक्षावर ठरत होतं.

तुमच्यापैकी कुणीतरी आता शास्त्रीजींचं नाव घेणार, 1956 ची अरियालूरची रेल्वे दुर्घटना आणि राजीनामा. आदर मलाही आहे. पण राजीनामा हे उत्तर नव्हे. कधीकधी तो प्रश्न बंद करण्याचा सभ्य मार्ग असतो. माणूस गेला, टाळ्या वाजल्या, रुळांचं काय झालं हे कोण विचारतो? उत्तरदायित्व म्हणजे समोर बसून, पुन्हा पुन्हा, कंटाळवाणं उत्तर देत राहणं. होल्डर गेले नाहीत, यापेक्षा ते बसून काय बोलले, हे मला तपासावंसं वाटतं.

आणखी एक. लोकप्रतिनिधींना उत्तर देणं म्हणजे मतदारांना उत्तर देणं, हे आपण गृहीत धरतो. पण या बंदुका गेल्या मेक्सिकोत. तिथल्या सरकारला तर सोडाच, एटीएफच्या तिथल्या स्वतःच्या माणसांनाही नीट सांगितलेलं नव्हतं. तिथे ज्यांच्यावर त्या चालल्या, त्यांचं ॲरिझोनात मत नाही, वॉशिंग्टनमध्ये प्रतिनिधी नाही. त्यांनी कुणाच्या दारात जाऊन विचारायचं? आपल्या सिद्धांतात या माणसांना जागाच केलेली नाही. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करू.