डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे मुखकर्करोगविषयक संशोधनलेखन : एक चिकित्सा

भारतीय विकृतिशास्त्राच्या इतिहासात डॉ. वसंत रामजी खानोलकर (1895-1978) यांचे स्थान निर्विवाद आहे. मुंबईत 1941 साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली. पुढे 1952 साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक झाले. गौरवपर लेखनात पदे व सन्मान यांची यादी येते. प्रसिद्ध केलेल्या लेखांची चिकित्सा मात्र मागे पडते. प्रस्तुत लेखात त्यांच्या तीन लेखांचा विचार केला आहे.

पहिला लेख ‘कॅन्सर रिसर्च’ या अमेरिकन नियतकालिकात 1944 साली प्रसिद्ध झाला. मुंबईतील मुखकर्करोगाच्या सलग एक हजार रुग्णांचा हा आढावा. ‘सलग’ हा शब्द महत्त्वाचा आहे. रुग्ण निवडून घेतलेले नाहीत, आले तसे नोंदले आहेत. पान-तंबाखू आणि मुखकर्करोग यांचा संबंध दाखवणारे खानोलकर पहिले नव्हेत. त्रावणकोरमधील विडा चघळणाऱ्यांविषयी ऑर यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये 1933 सालीच आला होता. खानोलकरांचे वेगळेपण अन्यत्र आहे. गाठ तोंडात नेमकी कोठे उद्भवली, हा प्रश्न त्यांनी रुग्णाच्या राहणीशी जोडला. 1945 साली सूर्याबाई यांच्यासमवेत लिहिलेल्या दुसऱ्या लेखात ही दृष्टी अधिक ठळक होते. खालचा ओठ आणि हिरडी यांमधील खाचेत खैनी धरून ठेवणाऱ्याला त्याच जागी होणारा कर्करोग, कमरेला घट्ट नेसलेल्या धोतराच्या जागी त्वचेवर उद्भवणारा कर्करोग, अशी उदाहरणे तेथे येतात. सूक्ष्मदर्शकाखालील पेशींइतकाच माणसाचा नेसण्या-खाण्याचा रिवाजही विकृतिशास्त्राचा पुरावा ठरू शकतो, हे त्यांनी त्या काळी मांडले. फुप्फुसाचा कर्करोग व धूम्रपान यांविषयीचे डॉल-हिल आणि विंडर-ग्रॅहॅम यांचे गाजलेले लेख 1950 सालचे आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे या मांडणीचे मोल कळते.

तथापि या लेखांच्या मर्यादा झाकून चालणार नाही. रुग्णालयात कोण येतो, हे अंतर, पैसा आणि धीर यांवर ठरते. एक हजार रुग्णांवरून रोग्यांमधील प्रमाण कळते, समाजातील प्रमाण कळत नाही. त्यासाठी लोकसंख्येवर आधारलेली नोंदणी लागते आणि ती मुंबईत 1963 साली सुरू झाली. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. खानोलकरांना अंतर्विवाही समाजगटांविषयी विशेष कुतूहल होते, ल. डी. संघवी यांच्यासह त्यांनी मुंबईतील अशा सहा गटांच्या आनुवंशिक गुणांवर स्वतंत्र लेखही लिहिला. रोगाची आकडेवारी जात-धर्माच्या रकान्यांत मांडली की रोग त्या समाजाचाच आहे, असा ग्रह होण्याचा धोका असतो. वस्तुतः बदलते ती सवय. गट हा सवयीकडे नेणारा मार्ग आहे, सवयीचे कारण नव्हे.

या आक्षेपाचे उत्तर त्यांच्याच तिसऱ्या लेखात सापडते. संघवी, राव व खानोलकर यांचा 1955 सालचा ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील लेख रुग्णांची तुलना कर्करोग नसलेल्यांशी करतो आणि चघळणे व ओढणे या सवयी वेगळ्या काढतो. तंबाखू चघळण्याचा संबंध मुख्यतः मुखपोकळीशी, धूम्रपानाचा घशाकडील भागाशी, असे चित्र त्यातून पुढे आले. लेखकांच्या क्रमात खानोलकर येथे तिसरे आहेत. (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2010 सालच्या गुणांकन पद्धतीत मोठा वाटा पहिल्या व मुख्य लेखकाचा होता; त्या तक्त्यात या लेखाने त्यांना किती गुण दिले असते, याचा हिशेब प्राध्यापक-वाचकांनी सहज करून पाहावा.) संख्याशास्त्राची जाण असलेल्या सहकाऱ्याला पुढे करून आपल्याच आधीच्या पद्धतीतील उणीव भरून काढणे, हे त्यांच्या लेखनसूचीतील सर्वांत लक्षणीय पाऊल आहे.

रुग्णालयाच्या यादीत न येणारा माणूस मात्र पुढच्या पिढीच्या अभ्यासांत दिसू लागला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील फली मेहता, प्रकाश गुप्ता आदींनी डेन्मार्कच्या पिंडबोर्ग यांच्यासह महाराष्ट्रातील 1,01,761 ग्रामस्थांची तपासणी करून 1972 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात सुमारे 39 टक्के स्त्रिया मशेरी लावणाऱ्या आढळल्या. पुरुषांत हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. वलवण-कार्ल्यापासून मावळातील कोणत्याही गावात मशेरीची डबी ओळखीची आहे. दात घासण्याच्या नावाखाली चालणारी ही सवय ‘व्यसन आहे का’ या प्रश्नाला बहुधा ‘नाही’ असेच उत्तर मिळवते. दारोदार जाऊन, सवयीचे स्थानिक नाव घेऊन विचारल्याशिवाय ती नोंदवलीच जात नाही. खानोलकरांनी खैनीच्या बाबतीत जे केले, ते येथे मोठ्या प्रमाणावर झाले. याच परंपरेतील 36,000 तंबाखूसेवकांवरचा अभ्यास 1986 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. प्रत्यक्ष भेटून व प्रचारमाध्यमांतून समजावल्यावर सवय सोडणारे वाढले आणि एर्नाकुलम जिल्ह्यात तोंडातील पांढऱ्या चट्ट्यांचे नवे रुग्ण स्पष्टपणे घटले. हे सारे लेख इंग्रजीत आहेत. समजावण्याचे काम मात्र गावोगावी, तेथील लोकांच्या बोलीत करावे लागले.