कोशातले शेजारी शब्द

इंग्रजी शब्दांमधील अर्थभेद हा विषय आपल्याकडे परीक्षेपुरता उरला आहे. दोन शब्द द्यावयाचे, फरक विचारावयाचा, चार गुण टाकावयाचे. दलित चळवळीचे वाङ्मय वाचणाऱ्याला मात्र तो असा सोडून देता येणार नाही. बाबासाहेबांचे बरेचसे वैचारिक लेखन इंग्रजीत आहे. आपल्या हक्कांचे केंद्रीय कायदेही इंग्रजीतूनच घडले. तेथील जवळचे भासणारे दोन शब्द आपण मराठीत एकाच शब्दाने उरकतो, तेव्हा मूळ युक्तिवादच हातातून निसटतो, असे माझे म्हणणे आहे.

प्रथम 'डिप्रेस्ड' आणि 'ऑप्रेस्ड' घेऊ. मराठीत दोहोंसाठी आपण 'पीडित' लिहून मोकळे होतो. परंतु 'ऑप्रेस्ड' म्हटले की दडपणारा समोर उभा राहतो. 'डिप्रेस्ड' म्हणजे खाली गेलेला, खचलेला. त्याला खाली कोणी ढकलले, हे तो शब्द सांगत नाही. १९०६ साली महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुंबईत 'डिप्रेस्ड क्लासेस मिशन' स्थापन केले. त्याचे मराठी नाव 'भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी'. शिंदे यांच्या तळमळीविषयी मला आदरच आहे. पण निराश्रिताला आश्रयदाता लागतो. हक्क मागणाऱ्या माणसाला हे नाव कसे पुरावे? १९३१ साली गोलमेज परिषदेपुढील पुरवणी निवेदनात बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी 'डिप्रेस्ड क्लासेस' या नावालाच हरकत घेतली आणि 'प्रोटेस्टंट हिंदू', 'नॉन-कन्फॉर्मिस्ट हिंदू' असे पर्याय सुचविले. जुने नाव अवस्था सांगत होते. नवी नावे नकार सांगत होती. सरकारने १९३५ च्या कायद्यात 'शेड्यूल्ड कास्ट्स' हे नाव घेतले. शेड्यूल म्हणजे अनुसूची, यादी. या नावात दडपणाराही नाही आणि नकारही नाही.

दुसरी जोडी 'लेबर' आणि 'लेबरर' यांची. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी तयार केलेले आणि प्रत्यक्षात न झालेले भाषण बाबासाहेबांनी १९३६ साली स्वतःच छापले. त्यातील एक प्रमुख मुद्दा या दोन शब्दांच्या फरकावर उभा आहे. जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची विभागणी नसून श्रमिकांचीही विभागणी आहे, आणि तीही उतरंडीची. आपले काही समीक्षक दोहोंसाठी 'श्रमविभागणी' लिहून पुढे जातात. असे करताना ते नकळत, ज्या मताचे बाबासाहेबांनी खंडन केले तेच मत त्यांच्या तोंडी घालतात. श्रम वाटले तर काम सोपे होते. श्रमिक वाटले की माणसे एकमेकांपासून तुटतात, आणि बापाचे काम मुलाच्या कपाळी येते.

तिसरी जोडी 'ॲबॉलिश' आणि 'ॲनिहिलेट'. मराठीत दोन्ही 'नष्ट करणे' या एकाच खुंटीला टांगले जातात. 'ॲबॉलिश' हे प्रथेला, पदाला, कराला लागते. त्याची मान्यता काढून घेतली जाते. 'ॲनिहिलेट' या शब्दाच्या मुळाशी 'काहीही नाही' या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. काहीच शिल्लक न ठेवणे हा त्याचा अर्थ. १९३६ च्या भाषणाच्या शीर्षकात जातीपुढे हा दुसरा शब्द आहे. १९५० साली अमलात आलेल्या संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदात पहिला आहे, आणि तो जातीला लावलेला नसून अस्पृश्यतेला लावलेला आहे. हा फरक ज्याने नीट वाचला, तो 'संविधानाने जात संपविली' असे भाषणात म्हणणार नाही. संविधानाने अस्पृश्यतेची मान्यता काढून घेतली, तिचे आचरण निषिद्ध ठरविले. जातीचे निर्मूलन हे काम आपल्यापुढे तसेच उभे आहे.

कार्यकर्त्यांनी आणखी एक जोडी ध्यानात ठेवावी: 'प्रोहिबिशन' आणि 'प्रिव्हेन्शन'. पहिल्याचा अर्थ मनाई, दुसऱ्याचा प्रतिबंध. मनाई हुकमाने होते. प्रतिबंधाला आधीपासून व्यवस्था करावी लागते. १९८९ च्या कायद्याच्या नावात 'प्रिव्हेन्शन' आहे, पण बोलण्यात आपण त्याला नुसता 'ॲट्रॉसिटी ॲक्ट' म्हणतो आणि नेमका तोच शब्द गळून पडतो. मग गुन्हा नोंदविला म्हणजे कायदा पाळला, असे अधिकाऱ्यांना वाटते आणि आपणही तेवढ्यावर समाधान मानतो. वास्तविक अत्याचाराची शक्यता असलेली क्षेत्रे आधीच हेरणे हेही त्याच कायद्याने शासनाचे काम ठरविले आहे. उलट, हाताने मैला उचलण्याविरुद्धच्या १९९३ च्या कायद्याच्या नावात 'प्रोहिबिशन' होते. २० वर्षांनी, २०१३ साली, नवा कायदा करावा लागला आणि त्याच्या नावात 'रिहॅबिलिटेशन' हा शब्द घालावा लागला. नुसत्या मनाईने माणूस त्या कामातून सुटत नाही, याची ही कबुलीच होती. गटारात उतरविलेली माणसे आजही मरत आहेत.

शिक्षकांनी अर्थभेद शिकवावेत ते या मुळाशी जाऊन. शब्द पुढे आला की तीन प्रश्न विचारावेत: यात करणारा कोण दिसतो, भोगणारा कोण, आणि ही क्रिया पुरी झाल्यावर मागे काय उरते? कोश शब्दांचे शेजार दाखवितो. त्यांतला आपल्या बाजूचा शब्द कोणता, हे आपणच ओळखावयाचे आहे.