‘डिस्को एलिझियम’ : निवड, निवेदन आणि खेळणारा वाचक

संगणकीय खेळाकडे संहिता म्हणून पाहावे की नाही, हा वाद एस्पेन आर्सेथ यांच्या ‘सायबरटेक्स्ट’ (१९९७) या ग्रंथानंतर बराच मागे पडला. अशा संहितेत वाट काढण्यासाठी वाचकाला श्रम करावे लागतात, हे त्यांचे प्रतिपादन आता सर्वपरिचित आहे. त्या श्रमांच्या मोबदल्यात वाचकाच्या हाती काय लागते, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो. वाचकच लेखक होतो, असे उत्तर उत्साहाने दिले जाते. ‘डिस्को एलिझियम’ (२०१९) या भूमिकाप्रधान खेळाचा अनुभव या उत्तराला दुजोरा देत नाही, आणि त्यातच त्याचे महत्त्व आहे.

एस्टोनियात उगम पावलेल्या ‘झा/उम’ या स्वतंत्र निर्मितीसंस्थेचा हा खेळ. त्याचे प्रमुख लेखक रॉबर्ट कुर्विट्झ यांनी ‘पवित्र आणि भयंकर गंध’ अशा अर्थाच्या शीर्षकाची एस्टोनियन कादंबरी २०१३ मध्ये प्रसिद्ध केली होती. खेळाचे कल्पित जग तेच आहे. कादंबरी एस्टोनियनमध्ये आणि खेळ मात्र इंग्रजीत, हे भाषांतर जगभरच्या बाजारपेठेने लादले की आशयाने, याचा विचार तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने जरूर करावा.

कथानक थोडक्यात असे : पराभूत क्रांतीच्या खुणा बाळगणाऱ्या रेवाशोल शहरातील एका वसतिगृहात एक पोलिस अधिकारी नशेतून जागा होतो. त्याला स्वतःचे नावही आठवत नाही. वसतिगृहामागच्या झाडावर एक प्रेत कित्येक दिवस लटकते आहे आणि बंदरातील कामगार संपावर आहेत. तपास त्याने करायचा आहे, सोबतीला किम कित्सुरागी हा शांत, काटेकोर सहकारी.

या खेळाचे खरे नवेपण त्याच्या निवेदनात आहे. नायकाची चोवीस कौशल्ये ही केवळ गुणांकने नसून बोलणारी पात्रे आहेत. ‘एन्सायक्लोपीडिया’ नको तेव्हा माहिती पुरवते, ‘इलेक्ट्रोकेमिस्ट्री’ व्यसनाकडे खेचते, ‘ड्रामा’ला सर्वत्र नाटक दिसते, तर ‘शिव्हर्स’मधून जणू शहरच बोलू लागते. बाख्तीन यांनी दोस्तोएव्हस्कीच्या कादंबऱ्यांत जी अनेकस्वरता पाहिली, ती येथे एकाच मस्तकात कोंबलेली आहे. कौशल्य वाढवले की तो आवाज अधिक बोलतो, पण अधिक खरे बोलेलच असे नाही. खेळणाऱ्याला हे उशिरा कळते. सुरुवातीला तो निवेदकावर विश्वास ठेवतो, आणि नंतर आपणच पोसलेल्या निवेदकाने आपल्याला फसवले हे त्याच्या ध्यानी येते. अविश्वसनीय निवेदक कादंबरीला नवा नाही. त्याची अविश्वसनीयता वाचकाने स्वतः वाढवावी, हे नवे आहे.

प्रत्येक कठीण कृतीचा निर्णय दोन फाशांवर होतो. दोन्हींवर एक पडला तर कितीही कौशल्य असो, अपयश ठरलेलेच. भारतीय वाचकाला फासे म्हटले की द्यूताचीच आठवण व्हायची, आणि तेथे हार म्हणजे सर्वस्वनाश. येथे हार बहुधा कथेचे दुसरे दार उघडते. पंख्याला अडकलेला गळपट्टा काढताना प्रकृतीने दुबळा नायक हृदयविकाराने मरू शकतो, आणि खेळ आरंभीच संपतो. हा प्रसंग खेळणारे तक्रार म्हणून सांगत नाहीत, हसत सांगतात. अपयशासाठी लिहिलेला मजकूर यशाच्या मजकुराइतकाच, कधी त्याहून सरस, असल्याने जिंकण्याची इच्छा हळूहळू मावळते आणि वाचण्याची इच्छा तिची जागा घेते.

मग निवडीचे काय? खुनी कोण, हे कोणत्याही निवडीने बदलत नाही. भाडोत्री सैनिकांशी होणारा रक्तपात टाळता येत नाही. किती जण मरतील, एवढेच काही अंशी हाती असते. इतिहास घडून गेलेला आहे आणि नायक त्याच्या ढिगाऱ्यावर उभा आहे, ही आशयाची भूमिका रचनेतही उतरली आहे. निवडीने बदलतो तो नायक कसा माणूस आहे एवढाच भाग. किमच्या एका नाराज नजरेला खेळणारे गुणांकाहून अधिक भितात, याचे कारण हेच असावे.

राजकारणाच्या हाताळणीत मात्र एक उणीव जाणवते. साम्यवाद, फॅसिझम, मध्यममार्ग, बाजारवाद यांपैकी काहीही निवडले तरी उपहासाचा सूर आधीच तयार असतो. सर्वांचीच खिल्ली उडवली की कोणतीही निवड जोखमीची राहत नाही. २०२१ च्या ‘फायनल कट’ आवृत्तीतील जोड-कथानकांनी ही उणीव काहीशी भरून काढली. त्यातील साम्यवादी तरुणांनी रचलेला काड्यापेट्यांचा अशक्य मनोरा क्षणभर उभा राहतो, आणि तेवढ्यापुरता उपहास गप्प होतो.

शेवटी नायकाच्या ठाण्यातील सहकारी त्याची झडती घेतात. तो किती प्यायला, कोणत्या विचारसरणीची बडबड करीत हिंडला, तपास कसा केला, हे सारे तेथे मोजले जाते. किम सोबत असेल तर तो आपली साक्ष देतो. इतका वेळ संहिता वाचणारा खेळाडू येथे स्वतः वाचला जातो, आणि ते वाचन त्याला खोडून काढता येत नाही.