बेटा म्हटले, बेटी दिली काय?

जातिप्रश्नाची आपली चर्चा बहुधा पाणवठा, मंदिर, राखीव जागा आणि अत्याचार या चार ठिकाणांभोवती फिरत राहते. ही ठिकाणे महत्त्वाची आहेत, याविषयी वाद नाही. परंतु जातीचे मूळ या चारांपैकी एकाही ठिकाणी नाही. ते लग्नाच्या मांडवात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात जो निबंध वाचला, त्यात हे सत्य सांगितले. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. त्या निबंधाला शंभर वर्षे उलटली, तरी आमच्यात एक सोयीची समजूत अजून ठाण मांडून बसली आहे. माणसाने गाव सोडले की जात सुटते, धर्म सोडला की जात सुटते, आणि दोन-तीन पिढ्या गेल्या की सारे आपोआप मिसळून जाते, अशी ही समजूत. वर्गात, शिबिरांत आणि जयंतीच्या व्याख्यानांत मी ती सतत ऐकत आले आहे. तिची तपासणी मला येथे करावयाची आहे, आणि त्यासाठी नांदेड-लातूरपासूनच सुरुवात करावयाची आहे.

बाबासाहेबांचे म्हणणे थोडक्यात असे. येथील लोक वंशाने मिश्रच आहेत. तेव्हा रक्त शुद्ध राखण्यासाठी जाती झाल्या, हे खोटे. एका कुळात लग्न करू नये ही रूढी जुनी होती. तिच्यावर आपल्याच गटात लग्न करण्याची सक्ती लादली गेली, तेव्हा जात जन्माला आली. ही सक्ती टिकावी म्हणून सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह आले. म्हणजे जातीची वेस बाईच्या देहावरून आखली गेली. काहींनी दार आतून लावून घेतले, काहींनी त्यांचे अनुकरण केले आणि उरलेल्यांना चोहीकडची दारे बंद झालेली आढळली. म्हणून एकटीदुकटी जात कधी नसते. जाती नेहमी अनेकवचनात असतात.

आता हा सिद्धांत नांदेडला लावून पाहू. गुरू गोविंदसिंगांचा देह येथे १७०८ साली ठेवला गेला. महाराजा रणजितसिंगांच्या काळात, १८३२ ते १८३७ या वर्षांत, सचखंड हुजूरसाहिबची इमारत उभी राहिली. त्याच सुमारास हैदराबादचे दिवाण चंदूलाल यांच्या पुढाकाराने निजामाच्या चाकरीसाठी पंजाबातून शीख शिपाई आले. त्यांना ‘लाहोरी फौज’ म्हणत. फौजेबरोबर घरे येत नाहीत, पुरुष येतात. यांतले पुष्कळ शिपाई परत गेले नाहीत. त्यांनी येथल्याच बायकांशी संसार मांडले आणि त्या बायकांना अमृत देऊन शीख करून घेतले. त्यांची मुलेबाळे म्हणजे आजचे दखनी शीख. पावणेदोनशेहून अधिक वर्षे हे लोक येथे आहेत. मराठी त्यांना परकी नाही आणि आपल्याला ते परके नाहीत.

त्या पहिल्या पिढीने बायकोची जात विचारली असेल, असे वाटत नाही. परमुलखातल्या शिपायाला ती चैन परवडणारी नव्हती. मग नातवा-पणतवंडांच्या काळात काय झाले? दखनी शीख, पंजाबातून मागाहून आलेले शीख, सिकलगर, बंजारा शीख, लबाना शीख. एका गुरुद्वाराच्या छायेत, एका लंगरच्या पंगतीत बसणाऱ्या या मंडळींच्या सोयरिकी बहुधा आपापल्यातच होतात. सिकलगर तर गुरूंच्या फौजेची शस्त्रे घडवणारे आणि पाजळणारे. शस्त्र पूज्य ठरले. शस्त्र घडवणाऱ्याच्या घरची सोयरीक मात्र आडवी राहिली. पंजाबातून आलेला माणूस दखनी शिखाला आपल्याहून थोडा कमी लेखतो, याचे एक कारण तरी त्या पहिल्या आजीत शोधावे लागते. म्हणजे जिच्यामुळे हा समाज येथे रुजला, तिचेच मूळ पुढच्या पिढ्यांना अडचणीचे झाले.

शीख समाजावर आरोप ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. उलट, जातीविरुद्ध त्या धर्माने जे केले तेवढे फार थोड्यांनी केले. १६७५ साली दिल्लीत गुरू तेगबहादुरांचा शिरच्छेद झाल्यावर ते शिर आनंदपूरला पोचवणारे भाई जैता अस्पृश्य मानलेल्या जातीतले होते. ‘रंगरेटे गुरू के बेटे’ असे म्हणून गुरूंनी त्यांना छातीशी धरले, अशी परंपरा आहे. १६९९ च्या पंचप्याऱ्यांत पाणी भरणारा होता, न्हावी होता. त्यातले साहिबसिंग तर आपल्या शेजारच्या बीदरचे. एवढी थोर सुरुवात! तरीही १९५० साली अनुसूचित जातींची यादी निघाली तेव्हा पंजाबातील मजहबी, रामदासी, कबीरपंथी आणि सिकलगर या शिखांचा तीत समावेश करावा लागला, आणि शीख पुढाऱ्यांनीच ती मागणी केली होती. रंगरेट्याला बेटा म्हटले. पुढच्या पिढ्यांनी त्याच्या घरी बेटी दिली काय? माझा प्रश्न एवढाच आहे. येवल्याच्या घोषणेनंतर, १९३६ साली, बाबासाहेब शीख धर्माचा गंभीरपणे विचार करीत होते. त्या वर्षी एप्रिलमध्ये ते अमृतसरच्या शीख परिषदेलाही गेले होते. म्हणून हा प्रश्न आपल्याला दुरून पाहण्याचा नाही.

कुणी म्हणेल, परमुलखातून आलेले लोक सगळीकडेच आपापल्यात लग्ने करतात. त्यात जातीचा काय संबंध? म्हणून एक बाहेरचे उदाहरण घेऊ. १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळात आयर्लंडमधून लाखो माणसे अमेरिकेत गेली. कॅथलिक, दरिद्री, तुच्छ मानलेली. ‘आयरिश माणसाने अर्ज करू नये’ अशा नोकरीच्या जाहिराती तेथे निघत. पहिली पिढी आपल्यातच लग्ने करी. पुढे काय झाले? न्यू हेवन या शहरातील १८७० ते १९४० या काळातील लग्नांचा अभ्यास रूबी जो रीव्हज केनेडी या बाईंनी १९४४ साली प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले की मुलखाच्या भिंती खचत होत्या. आयरिशांची लग्ने इटालियन आणि पोलिश लोकांशी होत होती. धर्माची भिंत मात्र पुष्कळशी उभी होती. पुढे तीही खचत गेली. आज तेथल्या गोऱ्या माणसाला आपल्या आयरिश पणजोबाचे कौतुक असते, अडचण नसते.

पण हे चित्र अर्धेच आहे. आयरिश माणूस मिसळला तो गोऱ्यांत. काळ्या-गोऱ्यांच्या लग्नावर सोळा राज्यांत कायद्याने बंदी होती, आणि ती उठवायला १९६७ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. तेव्हा तीन पिढ्यांत सारे मिसळते हे खरे. मात्र ज्याच्यासाठी वरच्यांनी दार किलकिले ठेवले आहे त्याच्यापुरतेच खरे. आयरिशांच्या वाटेने आपणही जाऊ, असे सांगणाऱ्यांनी आपण त्या गोष्टीतले आयरिश आहोत की काळे, हे आधी ठरवावे.

नांदेडचा क्रम तर याच्या अगदी उलटा आहे. आयरिश पहिल्या पिढीत बंद होते आणि पुढे उघडले. नांदेडचा शिपाई पहिल्या पिढीत उघडा होता, त्याचे वंशज पुढे बंद झाले. असे का व्हावे? याचे उत्तर १९१६ च्या निबंधात आहे. ज्या समाजात प्रत्येकाचे दार बंद आहे, तेथे येणाऱ्या कुठल्याही गटाची जात होते. त्याने बरोबर जात आणली नसली तरी होते. त्याला मुलगी घेता येते, कारण गरिबाची, निराधाराची मुलगी घेण्याला कुणाची हरकत नसते. प्रश्न मुलगी देण्याचा येतो. देताना मान जातो, घेताना जात नाही. एक स्त्री म्हणून मला तर हे ‘देणे-घेणे’च खटकते. माणसासाठी वापरायचे हे शब्द नव्हेत. पण जातीचे व्याकरण याच शब्दांवर उभे आहे, म्हणून ते वापरणे भाग आहे.

येथून बाहेर गेलेल्यांचे काय, हेही पाहण्यासारखे आहे. कोकणातले बेने इस्राएल मराठी बोलणारे. तेलाचे घाणे चालवीत, शनिवारी काम करीत नसत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. गावावरून पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी त्यांची आडनावे. शेजाऱ्यांचे पाहून असेल, त्यांच्यातही ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे दोन भेद पडले. बाहेरच्या बाईपासून झालेली संतती ती काळी, आणि काळ्यांशी गोऱ्यांचा बेटीव्यवहार नसे. १९४८ नंतर हे लोक हजारोंनी इस्रायलला गेले. तेथे १९६२ साली धर्मपीठाने फर्मावले की बेने इस्राएल माणसाने इतर ज्यूंशी लग्न करावयाचे तर आधी त्याच्या आईकडच्या पिढ्यांची चौकशी व्हावी. आपल्यातल्या काळ्यांना कोकणात जे विचारले जाई, तेच आता साऱ्यांना परदेशात विचारण्यात आले! ते गप्प बसले नाहीत. त्यांनी निदर्शने केली, ठिय्या दिला, आणि १९६४ साली धर्मपीठाला आपल्या आदेशातून त्यांचे नाव काढावे लागले. गाव, देश, समुद्र सारे ओलांडले तरी ‘तुझी आजी कोण?’ हा प्रश्न मागोमाग येतो. आणि तो आपोआप गळून पडत नाही. भांडून पाडावा लागतो.

लातूरकरांना याहून जुना दाखला घरच्या इतका जवळ आहे. सीमेला लागून असलेल्या बीदर जिल्ह्यातल्या कल्याणमध्ये बाराव्या शतकात बसवण्णांच्या शरणांनी जात झुगारली. एकत्र जेवणे, एकत्र बसणे, वचने म्हणणे राज्याने चालवून घेतले. पण हरळय्या या चर्मकाराचा मुलगा आणि मधुवरस या ब्राह्मणाची मुलगी यांचे लग्न लागले, तेव्हा दोन्ही बापांना देहान्त शासन झाले आणि कल्याण पेटले, असे परंपरा सांगते. जात कोठे दुखते हे राजाला बरोबर कळले होते. आज लातूर जिल्ह्यात लिंगायत समाज मोठा आहे. पण त्याच्याही सोयरिकी पोटजाती पाहूनच ठरतात. काळ मात्र फार बदललेला नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये खर्ड्याला नितीन आगे या शाळकरी मुलाला वरच्या जातीच्या मुलीशी बोलल्याच्या संशयावरून मारले गेले. २०१७ साली आरोपी निर्दोष सुटले.

दुसऱ्यांची झडती घेऊन झाल्यावर स्वतःच्या घराची घेतली पाहिजे. नाहीतर ही समीक्षा नव्हे, चहाडी होईल. माझ्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. माझ्या आजीच्या तोंडी सोमवंशी, लाडवण, आंधवण हे शब्द होते. तिच्या लहानपणी या पोटजाती सोयरिकीच्या आड येत. माझ्या वर्गातल्या बौद्ध मुला-मुलींना हे शब्द माहीतही नाहीत. १९५६ च्या धर्मांतराचे आणि चळवळीचे हे यश फार मोठे आहे, आणि आपण ते पुरेसे सांगत नाही. भिंत पाडता येते, याचा हा आमच्याच घरातला पुरावा आहे. ती काळाच्या ओघात पडली नाही, ठरवून पाडली गेली.

पण पुढची भिंत? बौद्ध आणि मातंग, बौद्ध आणि चर्मकार, मातंग आणि ढोर यांच्यात किती लग्ने होतात? प्रेमविवाह झाला तर दोन्ही वस्त्यांत काय बोलले जाते, हे वाचकांना ठाऊक आहे. लग्नात त्रिशरण-पंचशील आले, मंगलाष्टके गेली. विधी बदलला, वर्तुळ तेवढेच राहिले. पुण्या-मुंबईच्या वस्त्यांत जन्मलेल्या तिसऱ्या पिढीच्या पोराला अजून नांदेड-लातूरकडचीच, आणि ‘आपल्यातली’च, मुलगी पाहिली जाते. देशभरची पाहणी सांगते की आंतरजातीय लग्ने शंभरात सुमारे पाच. आपण आंबेडकरी म्हणवणारे त्या पाचांत आहोत की पंचाण्णवांत?

१९७८ साली नामांतराच्या ठरावानंतर मराठवाडा पेटला, तेव्हा नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांना मारण्यात आले. ते मातंग होते. बाबासाहेबांच्या नावासाठी मरताना त्यांनी आपली जात मध्ये येऊ दिली नाही. दरवर्षी आपण त्यांना अभिवादन करतो. पण पोचीरामांच्या वस्तीशी सोयरीक जोडतो काय? रंगरेट्याविषयी विचारलेला प्रश्न येथे आपल्याच दाराशी येऊन उभा राहतो. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींत उपवर्गीकरणाला मोकळीक दिली आणि बौद्ध-मातंग वाद पुन्हा तापला. त्या वादात बाजू घेण्याचे हे ठिकाण नव्हे. पण गेल्या साठ-सत्तर वर्षांत या दोन वस्त्या एकमेकींच्या व्याही-विहिणी झाल्या असत्या, तर हा वाद आज ज्या भाषेत चालला आहे त्या भाषेत चालला नसता.

‘जातिनिर्मूलना’त बाबासाहेबांनी सहभोजनापाशी थांबू नका, आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय, असे १९३६ सालीच सांगितले. म्हणून माझ्या सूचना साध्या आहेत. आपल्या विहारांतून, संस्थांतून भरणाऱ्या वधू-वर मेळाव्यांच्या अर्जांवरील जात-पोटजातीचा रकाना काढून टाका. बौद्धांचे, मातंगांचे, चर्मकारांचे मेळावे वेगळे भरवणे बंद करा. एका मांडवात भरवा. घरचा विरोध पत्करून लग्न केलेल्या जोडप्याला सत्काराआधी राहायला खोली आणि पाठीशी चार माणसे द्या. आणि आपल्या लेकीने निवड केली तर पहिला प्रश्न ‘तो कोणाचा?’ असा नको, ‘तो कसा आहे?’ असा असू द्या. हे कार्यकर्त्यांच्या, प्राध्यापकांच्या, साहित्यिकांच्या घरातून सुरू झाले पाहिजे. आमच्या घरांत ते सुरू झाले नाही, तर विद्यार्थ्यांना १९१६ चा निबंध शिकवण्याचा अधिकार आम्हाला उरत नाही.