‘अंदाजाने’ या शब्दाचे काय करायचे?

मराठी घरात पाकपुस्तक बहुधा भेट म्हणून येते. लग्नात येते, परदेशी निघालेल्या मुलाच्या सामानातून जाते, भाड्याच्या खोलीत बिऱ्हाड मांडणाऱ्या मुलीला कुणी मावशी आणून देते. निवडणारा मुरलेला असतो आणि वापरणारा नवखा, आणि निवड चुकते ती इथेच. मुरलेला माणूस पाककृती मोजतो. नवख्याला हवे असते ते एका पाककृतीतल्या दोन वाक्यांच्या मधले.

रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ 1875 साली छापले गेले. दीडशे वर्षांच्या या परंपरेतली पुस्तके वाचताना मी एकच प्रश्न विचारतो: वाचणाऱ्याच्या शेजारी कोण उभे आहे, असे हे पुस्तक धरून चालते? लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या 1910च्या पुस्तकाचे नाव ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’. नावात वाचक ठरलेली आहे आणि हजाराचा आकडाही आहे. पाककृतीची भाषा मात्र ‘चिरावे, परतावे, घालावे’ अशी असते. या क्रियापदांत करणारा पुरुष की बाई, हे दिसत नाही. व्याकरणाने दार सर्वांना उघडे ठेवले. ते अर्धवट लोटले मुखपृष्ठांनी आणि प्रस्तावनांनी.

कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ 1970 साली आली. स्वतः सासूबाईंच्या हाताखाली शिकलेल्या कमलाबाईंनी तराजूऐवजी वाटी-चमच्याचे माप धरले. ही केवळ सोय नव्हती, ही अध्यापनाची दृष्टी होती. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, हे प्रमाण कुठल्याही वाटीने टिकते. पण दोन वाट्या पिठाला अर्धा चमचा मीठ म्हटले, की वाटी केवढी याला महत्त्व येते. म्हणून नवख्यासाठीच्या पुस्तकाने आपली वाटी आणि चमचा किती मिलिलिटरचा, हे पहिल्याच पानावर सांगायला हवे.

मापाने निम्मेच काम होते. पुस्तकांच्या दुकानात मी सरळ साबुदाण्याच्या खिचडीचे पान उघडतो. ‘साबुदाणा भिजवून घ्यावा’ एवढेच असेल तर ते पुस्तक जाणत्यांसाठी आहे. धुतल्यावर पाणी जेमतेम दाण्यांच्या पातळीपर्यंत ठेवा, तीन-चार तासांनी दाणा चिमटीत दाबून पाहा, मधे टणक कण लागला तर पाण्याचा हबका मारून आणखी थांबा, दाणे पारदर्शक दिसू लागले की गॅस बंद करा: एवढे असेल तर शेजारी कुणीतरी उभे आहे. इथे माप आहे, खूण आहे आणि बिघडू लागल्यास उपायही आहे. या तिन्हींच्या सरावातूनच पुढे अंदाज तयार होतो. म्हणून ‘अंदाजाने’ हा शब्द वाईट नाही. तो पहिल्या पानावर आला तर वाचकाला वाऱ्यावर सोडतो, शेवटच्या पानावर आला तर त्याच्या पाठीवर थाप देतो. जयश्री देशपांडे यांच्या ‘हमखास पाकसिद्धी’ या नावातच नवख्याची भीती नेमकी ओळखलेली आहे.

आणखी एक कसोटी मला याहून महत्त्वाची वाटते. पहिले पाकपुस्तक ‘साधा स्वयंपाक’ म्हणजे काय, हेही शिकवते. वरणभात, पोळी आणि गोडा मसाला यांनाच ‘महाराष्ट्रीय’ म्हणणारे पुस्तक हाती आलेल्या मुलाला स्वतःच्या आजीची चूल त्यात सापडली नाही, तर आपले अन्न लिहिण्याजोगे नाही असा धडा तो नकळत घेतो. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (2015) मध्ये मराठवाड्यातल्या दलित घरांतले अन्न नोंदवून नेमके या मौनावर बोट ठेवले. नवशिक्याने त्यावरून स्वयंपाक शिकावा असे मी म्हणत नाही. भेट देणाऱ्याने मात्र ते आधी वाचावे.

तेव्हा पाककृती पन्नासच असोत. प्रत्येकीत माप, खूण आणि उपाय असावा, आणि पुस्तक कुठल्या घरच्या स्वयंपाकाचे आहे हे त्याने उघडपणे सांगावे. अशा पुस्तकाच्या हाती नवख्याला निर्धास्तपणे सोपवता येईल.