साक्षीदाराच्या पिंजऱ्यात समीक्षक

मृत्युपत्रावरची सही खरी की बनावट, असा वाद साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या न्यायालयात उभा राहिला की हस्ताक्षरतज्ज्ञाला बोलावले जाते. तो अक्षराचे वळण दाखवतो, लेखणीचा दाब दाखवतो, हात कोठे उचलला आणि कोठे ओढला ते दाखवतो. हा अधिकार त्याला १८७२ च्या पुरावा कायद्यातील कलम ४५ ने दिला. परदेशी कायदा, शास्त्र, कला आणि हस्ताक्षर या विषयांत विशेष जाणकाराचे मत न्यायालयाला विचारात घेता येते, असे त्या कलमाचे म्हणणे. बोटांच्या ठशांची भर त्यात पुढे पडली. एरवी साक्षीदाराने पाहिले-ऐकले तेवढेच सांगायचे असते, स्वतःचे मत द्यायचे नसते. तज्ज्ञ हा या नियमाला अपवाद.

या अपवादात एक चमत्कारिक पोकळी आहे. सही कोणाची हे सांगायला तज्ज्ञ आहे. सहीच्या वरच्या मजकुराचा अर्थ सांगायला मात्र कोणी नाही. मजकूर वाचणे हे न्यायाधीशाचेच काम, असे कायदा गृहीत धरतो. करारनाम्यापुरते हे ठीक आहे. पण लेख, कविता किंवा कथा हीच गुन्ह्याची वस्तू असेल तर? अशा खटल्यात साहित्याच्या जाणकाराला जागा आहे, ती मर्यादित आहे, आणि मराठी समीक्षेने ती अजून नीट ओळखलेली नाही, असे मला मांडायचे आहे.

सुरुवात साताऱ्यापासूनच करता येते. १८९७ साली इस्लामपूरहून ‘प्रतोद’ नावाचे पत्र निघत असे. इस्लामपूर तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. दक्षिण सातारा हा जिल्हा १९४९ मध्ये वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. कॅनडाच्या उदाहरणावरून स्वतंत्र होण्याच्या तयारीविषयी लिहिलेल्या एका लेखाबद्दल या पत्रावर राजद्रोहाचा खटला झाला. साताऱ्याच्या सत्र न्यायालयाने संपादकाला जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयात फॅरन, पार्सन्स आणि रानडे या तीन न्यायमूर्तींपुढे अपील चालले. दोष कायम राहिला, शिक्षा एक वर्षावर आली.

कायद्याच्या पुस्तकांत हा निकाल राहिला तो ‘डिसअफेक्शन’ या इंग्रजी शब्दाच्या चर्चेसाठी. त्याच वर्षी टिळकांच्या पहिल्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी त्याचा अर्थ ‘प्रीतीचा अभाव’ असा केला होता. रानड्यांनी तो नुसता अभाव मानला नाही. त्यांच्या लेखी ती राजनिष्ठेच्या विरुद्ध जाणारी, तिटकाऱ्याची भावना होती. एका शब्दाच्या छटेवर माणसाची वर्षे अवलंबून असतात, हे या तिघांना चांगले कळत होते. पण ज्या शब्दाची छटा इतकी काळजीपूर्वक तपासली गेली तो कायद्यातला, इंग्रजी शब्द होता. आरोपी लेख मराठीत होता, आणि तिघांपैकी एकट्या रानड्यांची ती मातृभाषा होती. मराठी शब्दाची छटा सांगणे ज्याच्याकडे आले होते तो माणूस म्हणजे सरकारी भाषांतरकार.

भाषांतरकार हा त्या काळच्या खटल्यांतला न बोललेला तज्ज्ञ साक्षीदार. तो मत देत नाही, फक्त मजकूर एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेतो, अशी समजूत असते. प्रत्यक्षात त्याने निवडलेला प्रत्येक शब्द हे एक मतच असते, आणि ते मत म्हणून नोंदले जात नसल्यामुळे त्याची उलटतपासणीही सहसा होत नाही. १९०८ साली टिळकांनी ती केली, हे मला त्या खटल्यातले फार मोठे काम वाटते. ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या लेखांची इंग्रजी भाषांतरे बरोबर आहेत असे सांगायला सरकारच्या भाषांतर-कचेरीतले अधिकारी पिंजऱ्यात आले, तेव्हा टिळकांनी त्यांना एकेका शब्दावर अडवले. मूळ शब्दाची दुसरी छटा कोणती, आणि सौम्य प्रतिशब्द हाताशी असताना कडक का घेतला, अशा वळणाचे ते प्रश्न होते. मराठीत राजकीय परिभाषा अजून घडते आहे, तेव्हा नव्या शब्दांना जुन्या कोशातले अर्थ चिकटवता येणार नाहीत, हाही त्यांचा मुद्दा होता. हे काम शुद्ध समीक्षेचे आहे. ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी होते. सात विरुद्ध दोन असा कौल पडला आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. आरोपीलाच स्वतःच्या मजकुराचा तज्ज्ञ व्हावे लागले, आणि आरोपीचा शब्द तज्ज्ञाचा म्हणून कोण ऐकणार?

स्वातंत्र्यानंतर आरोपाचे नाव बदलले. राजद्रोहाच्या जागी अश्लीलता आली. ज्यांचे मूळ गाव साताऱ्याजवळचे मर्ढे, त्या बा. सी. मर्ढेकरांवर ‘काही कविता’ या १९४७ च्या संग्रहासाठी खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. पुढे ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विकल्याबद्दल मुंबईतल्या एका पुस्तकविक्रेत्यावर खटला झाला. बचावासाठी मुल्कराज आनंद यांनी तज्ज्ञ म्हणून साक्ष दिली. लंडनमध्ये याच कादंबरीच्या १९६० च्या खटल्यात बचावाचे ३५ साक्षीदार उभे राहिले होते आणि प्रकाशक सुटले होते. तिथल्या १९५९ च्या कायद्याने अशा साक्षीला स्पष्ट मुभा दिली होती. आपल्याकडे १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवला. अश्लील काय हे ठरवण्याचे नाजूक काम न्यायालयाचेच आहे, ते साक्षीदारांवर सोपवता येत नाही, अशी त्या निकालाची भूमिका होती.

यानंतरचा मराठी खटला दिवाळी अंकाच्या वाचकांना विशेष जवळचा वाटावा. पुण्याच्या ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा आली. अश्लीलतेची फिर्याद झाली. खालच्या न्यायालयात सुटका झाली, उच्च न्यायालयाने ती फिरवून २५ रुपये दंड केला, आणि काकोडकर सर्वोच्च न्यायालयात गेले. २५ रुपयांसाठी कोणी दिल्ली गाठत नाही. लेखक म्हणून कपाळी लागलेला शिक्का पुसायला गाठतो. ऑगस्ट १९६९ मध्ये ते निर्दोष ठरले. काकोडकर हे लोकप्रिय कादंबरीकार होते, त्यांच्या ‘नीलांबरी’वरून ‘दो रास्ते’ हा हिंदी चित्रपट त्याच वर्षी आला. प्रतिष्ठित समीक्षेने त्यांच्याकडे क्वचितच पाहिले, पण समीक्षकाची कायद्यातली जागा ठरली ती त्यांच्याच कथेमुळे.

त्या निकालात न्यायालय दोन पावले टाकते. अश्लीलतेचा निर्णय साक्षींवर अवलंबून नाही, अखेर तो न्यायालयाचाच, हे पहिले पाऊल. पण कृतीच्या वाङ्मयीन गुणाचा दावा असेल, आणि विशेषतः ती न्यायालयाला न येणाऱ्या भाषेत असेल, तर जाणकार साहित्यिकांच्या मताची काही प्रमाणात मदत घ्यावी लागेल, कारण भाषांतरात मूळ भाषेतल्या नाजूक छटा उतरतीलच असे नाही, हे दुसरे. साताऱ्याच्या खटल्यानंतर बहात्तर वर्षांनी भाषांतरकाराच्या शेजारी समीक्षकाला खुर्ची मिळाली. त्याच वर्षी दंडसंहितेच्या कलम २९२ मध्ये दुरुस्ती होऊन शास्त्र, साहित्य, कला किंवा विद्या यांच्या हितासाठी केलेल्या प्रकाशनाला अपवादही मिळाला.

मिळालेल्या जागेवर बसून समीक्षकाने बोलायचे काय? आमच्या समीक्षेची सवय अशी की ‘ही श्रेष्ठ कलाकृती आहे’ किंवा ‘यात लेखकाची प्रामाणिक अनुभूती आहे’ असे सांगून थांबायचे. पिंजऱ्यात या वाक्यांना काडीची किंमत नाही, कारण ती तपासता येत नाहीत. तज्ज्ञाचे नाव कितीही मोठे असो, न्यायालय त्याच्या मतामागची कारणे पाहते. पुण्याच्या डॉ. अनंत लागू खटल्यात रासायनिक तपासणीत विष सापडले नव्हते; तरीही १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परिस्थितिजन्य पुराव्यावर खुनाचा दोष कायम केला. प्रयोगशाळेच्या अहवालाचे जिथे हे, तिथे ‘श्रेष्ठ कलाकृती’ची काय कथा?

उलट, तपासता येईल असे पुष्कळ ज्ञान समीक्षकापाशी असते. आमच्या भागातली आई पोराला ‘मुडद्या, जेवलास का?’ म्हणते. इंग्रजीत ‘मुडदा’ उतरेल, ती माया उतरणार नाही. माणदेशी बोलीतली शिवी, वगातल्या सोंगाड्याची दुअर्थी फेक, लावणीतली नायिका यांचे संकेत ठरलेले आहेत आणि ते दाखवून देता येतात. हा शब्द याच अर्थाने आणखी कोठे आला आहे, कथेत हे वाक्य कोणाच्या तोंडी आहे, निवेदक त्याच्या बाजूने आहे की विरुद्ध, हे पानापानावर बोट ठेवून सांगता येते. प्रतिपक्षाच्या वकिलाला ते खोडूनही काढता यावे. खोडता येईल अशा रीतीने बोलणे, ही साक्षीची पहिली अट आहे.

याची गरज संपलेली नाही. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता बँक कर्मचारी संघटनेच्या अंकात १९९४ मध्ये छापली गेली. तिच्यावरच्या वादाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिला. मुद्रक-प्रकाशकांनी माफी मागितली होती, ते सुटले. कवीचा प्रश्न खालच्या न्यायालयावर सोपवला गेला. कवितेतला गांधी म्हणजे इतिहासातली व्यक्ती की कवीने उभे केलेले प्रतीक, हा त्या वादाचा कणा होता, आणि तो वाचनाचाच प्रश्न आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ३९ मध्ये तज्ज्ञांच्या जुन्या यादीला ‘अन्य कोणतेही क्षेत्र’ अशी जोड मिळाली आहे. भाषा आणि साहित्य हे ‘कले’त बसते का, असा वाद आता घालावा लागू नये. दार रुंद झाले, तशी जबाबदारीही वाढली. एखादा शब्द बोलीत कसा वागतो याचे दाखले, शाहिरी आणि तमाशाच्या संकेतांच्या नोंदी, शब्दांच्या बदलत्या अर्थांचा कालानुक्रम ही सामग्री विद्यापीठांच्या मराठी विभागांत तयार असायला हवी. समन्स आल्यावर ती जमवता येत नाही. निवाडा न्यायाधीशानेच द्यावा. पण तो देण्याआधी त्याच्यासमोर मजकूर नीट वाचला गेला पाहिजे, आणि वाचणे हा समीक्षकाचा धंदा आहे.